वर्गातून थेट नगराध्यक्षांच्या दालनात: नव्याने निवडून आलेल्या एका शिक्षिकेला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "मी अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होते. स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत आमच्या ब वर्ग (मध्यम आकाराच्या) नगरपरिषदेची नगराध्यक्षा म्हणून थेट निवडून आले. पद महिलेसाठी राखीव होते. सभागृहात बहुमत समोरच्या आघाडीचे आहे. मुख्याधिकारी बोलायला चांगले आहेत, पण काहीही सुचवले की 'मॅडम, नियमात बसत नाही' म्हणतात. घरचे म्हणतात, सुरुवातीला मिस्टरांना सोबत बसू दे. ताई, शिक्षिका असण्याचा इथे काही उपयोग आहे का, की सगळे पहिल्यापासून शिकायचे? आणि नगरपरिषदेच्या शाळेत आठवड्यातून एखादा तास घेतला तर चालेल का?"

बाई, आधी मनापासून अभिनंदन. मीही शाळेतूनच आले. गणित शिकवत होते. २०१६ मध्ये थेट निवडणूक पुन्हा सुरू झाली, त्या फेरीत निवडून आले. आमचीही पालिका ब वर्गाची आणि सभागृहात बहुमत दुसऱ्यांचे, म्हणजे तुमच्यासारखीच परिस्थिती. त्यामुळे पुस्तकातले न सांगता रोजच्या कामातले सांगते.

उपयोग आहे, आणि पुष्कळ आहे. लोकांना वाटते शिक्षिकेला भाषण येते, म्हणून ती राजकारणात चालते. भाषण प्रचारात कामाला आले, आता त्याचे काम संपले. यापुढे तुमची जी सवय कामाला येणार ती वेगळी आहे: समोर आलेला कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, चूक दिसली तर तिथे खूण करायची, आणि खात्री झाल्याशिवाय सही करायची नाही. पालिकेत बाईच्या हातून पद काढून घ्यायचे असेल तर कोणी तिला खुर्चीवरून उठवत नाही. तिच्याकडून न वाचता सह्या घेतल्या की पुरते. तुम्ही वाचणार असाल तर नगराध्यक्षा तुम्ही आहात. नाहीतर पालिका दुसरेच कोणी चालवेल.

पद काय आहे तेही नीट समजून घ्या, कारण लोक महापौर आणि नगराध्यक्ष यांची गल्लत करतात. महानगरपालिकेत महापौराला नगरसेवक निवडतात, मुदत अडीच वर्षांची, आणि कारभाराचा खरा अधिकार आयुक्तांकडे असतो. तुम्हाला शहराने मत दिले आहे आणि पाच वर्षांसाठी दिले आहे. ही पद्धत आपल्याकडे कायमची नाही. २००१ मध्ये आली, २००६ मध्ये गेली, २०१६ मध्ये पुन्हा आली, २०२० मध्ये पुन्हा रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आणली. प्रत्येक वेळी कोणाच्या सोयीचे काय, यावर निर्णय फिरला. मतदाराने तुमच्यासाठी वेगळे बटण दाबले आहे, ही गोष्ट सभागृहात कोणी आवाज चढवला की लक्षात असू द्या. तुम्हाला हटवणे पूर्वीसारखे सोपे नाही. अडवणे मात्र अगदी सोपे आहे.

अडवणूक कशी होते ते सांगते. ठराव पडतात हा उघड प्रकार. त्याहून जास्त वेळा कागद अडतो. टिप्पणी, म्हणजे विषयावरची कार्यालयीन नोंद, आली नाही, अंदाजपत्रक अभियंत्याच्या टेबलावर आहे, तांत्रिक मान्यतेला पाठवले आहे, लिपिक रजेवर आहे. यातले काहीही खोटे नसते, म्हणून कोणावर रागावताही येत नाही. मी एक साधी वही केली होती. डाव्या पानावर कामाचे नाव, उजव्या पानावर फाइल कोणत्या टेबलावर कोणत्या तारखेला गेली. दर सोमवारी विभागप्रमुखांना बोलावून तेवढेच वाचून दाखवायचे. ओरडायचे नाही, कोणाला पाडून बोलायचे नाही. ज्याच्या टेबलावर फाइल पडून आहे त्याला सगळ्यांसमोर आपले नाव ऐकू येते, आणि पुढच्या सोमवारच्या आत ती हलते. हजेरी घेणाऱ्या माणसाला हे शिकवावे लागत नाही.

आता सभेचा कागद. सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी आणि विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी निघाली पाहिजे, कलम ८१ मध्ये ते आहे. विषयपत्रिका तुमच्या सहीने निघते. तिच्या शेवटी बहुतेक ठिकाणी एक ओळ छापलेलीच असते: "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय." शहराच्या तिजोरीला सर्वांत मोठी भोके या ओळीतून पडतात. सभा संपत आलेली असते, चहा आलेला असतो, दोघे-तिघे उठून गेलेले असतात, आणि कोणीतरी म्हणते, एक छोटासा विषय आहे. जागा भाड्याने देणे, ठेक्याला मुदतवाढ, एखाद्या जागेवरच्या आरक्षणात बदल, असे विषय त्या 'छोट्याशा'त असतात. माझा नियम होता की आर्थिक विषय ऐनवेळी घ्यायचा नाही, कोणी कितीही जवळचा असो. शोकप्रस्ताव, अभिनंदनाचा ठराव, अचानक आलेले शासनाचे पत्र, एवढेच. पहिल्या सभेत हे जाहीर करा आणि इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या नोंदीत, लिहून घ्या. पहिल्याच सभेत सांगितले तर तो नियम ठरतो, सहाव्या सभेत सांगितले तर ते कोणावर तरी घेतलेले वैर ठरते.

आणि इतिवृत्त. त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण प्रशिक्षणवर्गात यावर कोणी बोलत नाही.

माझ्या पहिल्या काही सभांपैकी एका सभेचे इतिवृत्त सहीला आले. सुंदर अक्षर, ठराव क्रमांक, विषय, चर्चा, निर्णय. दोन ठरावांच्या मध्ये मात्र सात-आठ ओळींची जागा कोरी होती. दुसऱ्या एका ठरावाखाली 'सूचक' आणि 'अनुमोदक' लिहिलेले, पुढे नावेच नाहीत. विचारले तर उत्तर आले, "मॅडम, नंतर भरतो, तुम्ही सही करून ठेवा." बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासताना कोऱ्या पानावर आपण तिरकी रेघ मारतो, पुढे कोणी काही लिहू नये म्हणून. मी पेन काढले आणि प्रत्येक कोऱ्या जागेवर तशीच रेघ मारली, शेजारी छोटी सही केली, पानांना क्रमांक घातले आणि सूचक-अनुमोदकाची नावे माझ्या सभेतल्या टिपणांवरून समोरच भरून घेतली. त्या दिवशी कोणी काही बोलले नाही. पण पुढच्या सभेपासून इतिवृत्तात कोरी जागा दिसली नाही, आणि माझ्याकडे कागद घेऊन येणारे आधी स्वतः वाचून येऊ लागले.

तुम्ही मराठी शिकवलेली आहे, तर तुमचा हात इथे माझ्यापेक्षा पक्का असेल. "सर्वानुमते मंजूर" आणि "बहुमताने मंजूर" यांतला फरक पाहा. कोणी विरोध नोंदवला असेल तर त्याचे नाव आणि कारण आले आहे का पाहा, तो विरोधक असला तरी. उलट विरोधकाचा विरोध तुम्ही इमानाने नोंदवला, तर सभागृहात तुमच्याबद्दलचा विश्वास वाढतो. बहुमत नसलेल्या अध्यक्षाला त्याची सर्वांत जास्त गरज असते. "चर्चेअंती ठरले" याच्यापुढे नक्की काय ठरले, किती रकमेपर्यंत, कोणत्या निधीतून, हे वाक्यात नसेल तर ते वाक्य अपुरे आहे.

तुमच्या पालिकेत आणखी एक काम आहे जे माझ्या वेळी नव्हते. २०१६-१७ मध्ये निवडून आलेल्या बहुतेक पालिकांची मुदत २०२१ च्या अखेरीस किंवा २०२२ च्या सुरुवातीला संपली, आणि तेव्हापासून डिसेंबर २०२५ पर्यंत प्रशासक होते. म्हणजे जवळजवळ चार वर्षे सभागृहच नव्हते. ठराव झाले, पण 'प्रशासकीय ठराव' म्हणून, एका माणसाच्या सहीने. त्यात पुष्कळ कामे चांगलीही झाली असतील. पण ते ठरावाचे रजिस्टर मागवा आणि वाचून काढा. काय शोधायचे? लांब मुदतीचे करार, घनकचरा वाहतुकीचा ठेका किती वर्षांचा आहे, पालिकेचे गाळे कोणाला किती वर्षांसाठी दिले, कोणत्या योजनेत लोकवर्गणी किंवा पालिकेचा हिस्सा किती टक्के द्यायचा कबूल केला. कारण तो हिस्सा आता तुमच्या अर्थसंकल्पातून जाणार. हे वाचायला दोन आठवडे रात्री बसावे लागेल. बसा. दहावीचे पेपर असल्यासारखे.

मुख्याधिकाऱ्यांचे "नियमात बसत नाही" हे वाक्य. यातल्या निम्म्या वेळा ते खरे सांगत असतात, हे मान्य करा. मुख्याधिकारी शासनाचा माणूस आहे, चूक झाली तर त्याची चौकशी लागते, तो जपून राहणारच. तुम्ही एकच करा, नम्रपणे म्हणा, "साहेब, कोणत्या नियमात बसत नाही तेवढे टिप्पणीत लिहून द्या." लिहून आले तर तुम्ही तो नियम वाचा, तुमचे शिक्षण होते. लिहून आले नाही तर तो नियम नव्हता, अडचण होती, आणि अडचणीवर बोलता येते. १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम मराठीत मिळतो. सगळा पाठ करायचा नाही. कलम ४९, पालिकेची कर्तव्ये, त्यातली अनिवार्य कोणती आणि ऐच्छिक कोणती. कलम ५८, तुमची कामे. कलम ८१, सभा. कलम ३०८, ज्याखाली जिल्हाधिकारी सभेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. आणि कलम ५५-अ, ज्याखाली शासन अध्यक्षाला पदावरून काढू शकते. या पाच कलमांच्या छायांकित प्रती पर्समध्ये ठेवा.

कलम ५८ मधले पोटकलम २ वेगळे सांगते. पालिकेत त्याला नुसते "अठ्ठावन्न-दोन" म्हणतात. आणीबाणीच्या वेळी, लोकांच्या सुरक्षिततेसाठी, सभेच्या मंजुरीची वाट न पाहता काम करायला सांगण्याचा अधिकार अध्यक्षाला त्यात आहे, आणि नंतर ते सभेपुढे ठेवायचे असते. मुख्य जलवाहिनी फुटली, पुराचे पाणी वस्तीत आले, पडायला आलेली भिंत शाळेशेजारी उभी आहे, अशा वेळी तो अधिकार न वापरणे हाच दोष. पण तुम्ही नव्या आहात हे पाहून लोक साधी खरेदी, साधी गटारदुरुस्तीही 'अठ्ठावन्न-दोन'मध्ये बसवून आणतील. "आधीच्या अध्यक्षांनी केले होते" असे सांगतील. लेखापरीक्षणाचे आक्षेप कार्यकाळ संपल्यावरही येतात, आणि तेव्हा सही तुमचीच असते.

पैशांचे गणित लवकर हातात घ्या. अर्थसंकल्पाची सभा फेब्रुवारीत येते, म्हणजे तुम्हाला वेळ अगदी थोडा आहे. लेखापालाला बोलावून चार आकडे स्वतंत्र कागदावर मागा: घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी किती आणि वसुली किती, शासनाकडून येणारे सहायक अनुदान किती, पगार-निवृत्तिवेतनावर किती जातात, आणि पथदिवे व पाणीपुरवठ्याचे वीजबिल किती. बहुतेक ब आणि क वर्ग पालिकांत सहायक अनुदान पगारातच संपते. हातात उरते ते करवसुलीचे. बाकीचे नगरोत्थान, वित्त आयोग, वैशिष्ट्यपूर्ण योजना, वस्ती सुधारणा अशा ठरावीक निधींतून येणारे पैसे ज्या कामासाठी आले त्याच कामाला लागतात. लोक विचारतील, "एवढे कोटी आले, मग आमच्या गल्लीतला दिवा का नाही?" त्याचे उत्तर या विभागणीत आहे आणि ते तुम्हाला सोप्या शब्दांत, फळ्यावर लिहिल्यासारखे, देता आले पाहिजे. वसुलीबद्दल बोलायला नगरसेवक कचरतात, मते जातात म्हणून. तुम्ही बोला. चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणारी, कर आकारणी तुमच्या काळात आली तर घराघरांत असंतोष होईल, हरकतींची सुनावणी नीट झाली पाहिजे, आणि मोठ्या थकबाकीदारांची यादी सभेपुढे आली पाहिजे. गरिबाच्या दाराला नोटीस चिकटते आणि मोठ्या मालमत्तेची थकबाकी वर्षानुवर्षे पुढे ओढली जाते, हे कोणत्याही शहरात पाहायला मिळेल.

पाण्याबद्दल एक प्रसंग, कारण तुमचे पहिले मोठे आंदोलन त्याचेच असणार. आमच्याकडे शहराच्या वरच्या भागातल्या बायका हंडे घेऊन आल्या. अभियंत्यांनी सांगितले, पाणी पुरेसे उचलतो, मागणीच जास्त आहे. मी हिशेब मांडला. गटार योजना असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर आणि नसलेल्याला ७० लिटर असे मानक आहे. समजा लोकसंख्या ५० हजार, तर १३५ च्या हिशेबानेही ६७ लाख ५० हजार लिटर होतात, म्हणजे पावणेसात दशलक्ष. आम्ही त्याहून जास्त उचलत होतो आणि तरी पाणी एक दिवसाआड होते. मग पाणी जाते कुठे? याचे उत्तर अभियंत्यांपेक्षा व्हॉल्व्हमनकडे होते. तो चावी घेऊन पहाटे फिरतो, कोणता व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा हे त्याच्या हातात असते, आणि त्याला कोणी कधी विचारलेले नसते. त्याला वही दिली. भाग, उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ. काही दिवसांतच दिसले की खालच्या भागात काही ठिकाणी ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ पाणी सुरू असते, कारण तिथून फोन येतात, आणि वरच्या टाकीत पातळी भरायच्या आत वितरण सुरू होते. वेळा बदलल्या, टाकी भरल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही असे ठरले, अनधिकृत नळजोडांवर कारवाई सुरू केली. वरच्या भागात पाणी पोहोचू लागले, नवी योजना न आणता. फोन करणारे दुखावले. ते दुखावणारच होते. कर्मचाऱ्याला वही देताना मात्र त्याचा मान राखा. त्याला चोर ठरवायला वही दिली असे वाटले तर तो खोट्या वेळा लिहील.

महिला व बालकल्याणाच्या तरतुदीवर माझे मत ठाम आहे आणि मी ते कुठेही सांगते. पालिकेच्या उत्पन्नातले पाच टक्के त्यासाठी ठेवायचे असतात. ते वर्षअखेरीला शिलाई प्रशिक्षण, मेळावा, स्पर्धा आणि बक्षिसे यांत संपवले जातात. शिलाई वाईट नाही. पण आपण दोघी शाळेत होतो, आपल्याला माहीत आहे की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृहात जाता येत नाही. तीच मुलगी पुढे भाजीबाजारात टोपली घेऊन बसते, एसटी स्टँडवर उभी राहते, आणि तिथेही पाणी पीत नाही. आठवडी बाजारात सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत बसणाऱ्या बाईसाठी शहरात एकही धड जागा नसते, आणि सभागृहातल्या निम्म्या जागा २०११ पासून बायकांच्या आहेत. हे मला सहन होत नाही. बांधकाम ही यातली सोपी बाजू आहे. पाण्याची टाकी, आतून लागणारी कडी, दिवा, सॅनिटरी पॅडसाठी झाकणाचा डबा आणि सकाळ-संध्याकाळ साफ करणाऱ्या माणसाचा पगार, हे पाच विषय अंदाजपत्रकात नसतील तर त्या ठरावावर सही करू नका. उद्घाटनानंतर वर्षभरात कुलूप लागते ते या पाचांपैकी एक नसल्यामुळे. जागा ठरवताना बाजारात बसणाऱ्या बायकांना विचारा. कागदावर जागा चांगली दिसते आणि प्रत्यक्षात वाट दारूच्या दुकानावरून जाते.

मिस्टरांचा प्रश्न. तुम्ही तो दोन ओळींत विचारलात, पण मला वाटते तुमच्या पाच वर्षांचा निकाल त्यावर आहे. त्यांनी प्रचारात साथ दिली, घर सांभाळायला तयार आहेत, त्यांचा मान आहेच. घरी त्यांच्याशी सगळे बोला. दालनात मात्र त्यांची खुर्ची नको. अगदी शब्दशः घ्या: टेबलाच्या तुमच्या बाजूला एकच खुर्ची ठेवा. एकदा ते शेजारी बसले की अधिकारी त्यांच्याकडे बघून बोलू लागतात, ठेकेदार त्यांना फोन करतात, नगरसेविका तुमच्याऐवजी त्यांना भेटतात, आणि तीन महिन्यांत ते 'साहेब' होतात. यात त्यांचा वाईट हेतू असायची गरज नाही. आणि काही चुकीचे घडले तर कायद्यापुढे सही करणारीच उभी राहते. पालिकेच्या फलकावर तुमचा स्वतःचा मोबाइल क्रमांक लावा आणि तो स्वतः उचला. पहिले काही आठवडे रात्री अकरालाही फोन येतील. ते सोसा. "मॅडम स्वतः उचलतात" हे एकदा शहरभर झाले की पुढचे सोपे जाते. तुमच्या सभागृहातही अशा नगरसेविका असतील ज्यांचे पती सभेबाहेर बाकावर बसून आत चिठ्ठी पाठवतात. त्यांना सर्वांसमोर बोलू नका. सभेच्या आदल्या दिवशी सर्व पक्षांच्या महिला सदस्यांना चहाला बोलावून विषयपत्रिका एकत्र वाचा. पक्ष बाजूला ठेवून एकत्र वाचायला बायका येतात. बहुमत नसतानाही माझे पाणी आणि स्वच्छतागृहाचे ठराव मंजूर झाले ते त्या बैठकांमुळे. समोरच्या आघाडीच्या महिला सदस्यांनी आपल्या बैठकीत जाऊन भांडून ते विषय मान्य करून घेतले होते.

शाळेच्या सवयींपैकी एक मात्र इथे सोडावी लागेल. वर्गात आपला शब्द अखेरचा असतो, सभागृहात डोकी मोजावी लागतात. ज्या नगरसेवकाला आपण सातवीत शिकवले तो आता मतदारांनी पाठवलेला प्रतिनिधी आहे. त्याला सभागृहात 'अरे' म्हणू नका, 'सन्माननीय सदस्य' म्हणा. शहरात तुमचे विद्यार्थी सगळीकडे भेटतील. कोणी अभियंता, कोणी पत्रकार, कोणी ठेकेदार. पहिल्या दोघांची मदत मिळेल. २०२० मध्ये कोविडच्या काळात घरोघर सर्वेक्षणाला शिक्षकच जात होते, आणि प्रतिबंधित क्षेत्रात किराणा-औषधे पोहोचवायला माझ्या जुन्या वर्गातली मुले न बोलावता आली. तिसरा, ठेकेदार, पाया पडून "बाई, तुमचाच विद्यार्थी" म्हणेल. त्याला आशीर्वाद द्या, आणि त्याच्या रस्त्याच्या कामाचा नमुना तपासायला त्रयस्थ संस्थेकडे पाठवा.

त्रासाबद्दलही सांगते. समाजमाध्यमांवर तुमच्या साडीपासून चारित्र्यापर्यंत लिहिले जाईल. मुले घरी असतील, ती वाचतील. कामावरच्या टीकेला कागदाने उत्तर द्या, चारित्र्यावरच्या टीकेला पोलिस ठाण्यात लेखी तक्रारीने, पहिल्याच वेळी. गप्प बसणे हा मोठेपणा आहे असे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचे ऐकू नका. नाहीतर तुमच्यानंतर येणारीलाही तेच सोसावे लागेल.

कोणी म्हणेल, गावच्या पालिकेत काय आहे, मास्तरीणच बरी होतीस. द्रौपदी मुर्मू ओडिशातल्या रायरंगपूरला शिकवत होत्या आणि १९९७ मध्ये तिथल्या नगरपंचायतीत नगरसेविका म्हणून निवडून आल्या. राष्ट्रपतिपदापर्यंतच्या प्रवासातले पहिले निवडून आलेले पद तेच. मुंबईत सुलोचना मोदी १९५६ मध्येच पहिल्या महिला महापौर झाल्या होत्या. किशोरी पेडणेकर मूळच्या परिचारिका. महापौर असताना २०२० मध्ये त्या परिचारिकेचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या. आधीचा पेशा अंगात असतो, तो पदावर आल्यावर उतरवून ठेवायचा नसतो.

हे उत्तर वाचणाऱ्या इतर शिक्षिकांसाठी थोडेसे. जिल्हा परिषद, नगरपरिषद किंवा सरकारी शाळेत नोकरीत असताना ही निवडणूक लढवता येत नाही, राजीनामा किंवा निवृत्ती आधी. खासगी अनुदानित शाळेत असाल तर १९८१ ची सेवाशर्ती नियमावली स्वतः वाचा, वकिलाला दाखवा आणि संस्थेचे म्हणणे लेखी घ्या. कोणाच्या तोंडी आश्वासनावर अर्ज भरू नका. सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यांची (दोनपेक्षा जास्त नकोत ही) अट, पालिकेच्या थकबाकीचा दाखला, स्वतःच्या किंवा पतीच्या नावावरचे अनधिकृत बांधकाम, यावरून निवडून आल्यानंतरही अपात्रतेची प्रकरणे चालतात. मानधनावर घर चालत नाही, हेही आधी घरात बोलून घ्या. आणि बाई, तुमच्यासाठी: निकालापासून ३० दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब सादर करायचा असतो. मतमोजणी २१ डिसेंबरला झाली आहे. सत्कार थांबवा आणि आधी ते करा. पोच घेऊन फाइलला लावा.

शेवटी तासाचा प्रश्न. चालेल, फक्त रीतीने. नगरपरिषदेच्या शाळा ज्यांच्या अखत्यारीत येतात त्या प्रशासनाधिकाऱ्यांना आधी सांगा, मुख्याध्यापकांना वेळ विचारा, आणि ज्या शिक्षिकेचा तास आहे ती वर्गातच बसलेली असू दे, म्हणजे तिला तपासणी झाली असे वाटणार नाही. सोबत नगरसेवक, छायाचित्रकार कोणी नको. एकाच शाळेत जाऊ नका, सगळ्या शाळा पाळीने घ्या, आणि सुरुवात ज्या शाळेचा पट सर्वांत कमी आहे तिथून करा. तास झाल्यावर लगेच निघू नका. मुलींचे स्वच्छतागृह, पिण्याच्या पाण्याची टाकी, गळणारी खोली आणि पोषण आहाराची पोती ठेवायची जागा पाहून या. त्याच दिवशी परत येऊन त्याची टिप्पणी बांधकाम विभागाला पाठवा, प्रत मुख्याधिकाऱ्यांना, आणि नोंद सोमवारच्या वहीत.